धाकट्याचं लायसन

आमच्या गावात पोरांना मिसरूड फुटायच्या आधी मोटारसायकल येते. मुद्दाम कुणी शिकवत नाही. बापाची गाडी दारात उभी असते, शेतात डबा पोचवायचा असतो, पोरगा किल्ली घेतो आणि जातो. माझा धाकटा भाऊ असाच शिकला. वडिलांची पिठाची गिरणी, ती सोडून त्यांना दिवसा हलता येत नसे. भावाने अकरावीला परभणीत क्लास लावला आणि बसची वेळ काही जुळेना, तेव्हा वडिलांनी त्याला गाडी दिली. तो सोळा वर्षांचा होता. या वयाला गिअरच्या गाडीचं लायसन मिळत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चौकात पोलीस दिसला तर आतल्या रस्त्याने ये, एवढंच आई त्याला सांगायची.

त्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. भाऊ दुपारी क्लासवरून परत येत होता. रस्त्यात उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. तिला वळसा घालून तो पुढं आला आणि बाजार करून पायी येणारं म्हातारं जोडपं एकदम समोर आलं. म्हातारा पुढं होता, म्हातारी चार पावलं मागं. गाडी म्हाताऱ्याला लागली.

ती दोघं आमच्या शेजारच्या वस्तीवरची. त्यांचं दळण आमच्याच गिरणीवर यायचं, त्यामुळे भावाने त्यांना लगेच ओळखलं. जमलेल्यांपैकी एकदोघांनी त्याला पळून जायला सांगितलं. तो पळाला नाही. म्हाताऱ्याला ऑटोत घालून, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तो परभणीला गेला. ते वाटेतच संपले होते. भावाला ते कळलंच नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत तो त्यांच्याशी बोलत होता, असं ऑटोवाल्याने नंतर वडिलांना सांगितलं.

मला वाटलं होतं, जे काही व्हायचं ते भावाचं होईल. पण पोलिसांनी वडिलांनाही बोलावलं. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालक गुन्हेगार ठरतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. भावाचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर गेलं, वडिलांचं कोर्टात. गाडीची नोंदणी रद्द झाली. शिवाय भावाला आता पंचविशी होईपर्यंत लायसन मिळणार नाही, असं वकिलांनी सांगितलं. वडिलांनी ते दोनदा विचारून घेतलं.

निकालाच्या दिवशी मी वडिलांबरोबर होते. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची शिक्षा झाली. तुरुंग टळला म्हणून बाहेर आईला हायसं वाटलं. वडील मागच्या बाकावर मांडीवर हात ठेवून संध्याकाळपर्यंत बसले. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी उघडली नाही. शिक्षा भोगताना पाणी पिता येतं का, हे कुणाला विचारायची लाज वाटली, असं त्यांनी घरी आल्यावर सांगितलं.

त्यानंतर म्हातारीचं दळण आमच्याकडे आलं नाही. पुढच्या गावच्या गिरणीला जायचं तर आमच्या दारावरूनच रस्ता. डोक्यावर डबा घेऊन ती जायची. ती दिसली की वडील गिरणी बंद करायचे आणि ती नजरेआड झाली की पुन्हा चालू करायचे. गिऱ्हाइकंही काही विचारत नसत.

पुढं मला परभणीत एका दवाखान्यात नोकरी लागली. स्कूटी घ्यायचं ठरलं तेव्हा वडील म्हणाले, आधी लायसन, मग गाडी. शिकाऊ लायसन काढून मी मैत्रिणीच्या स्कूटीवर शिकले. पक्क्या लायसनच्या चाचणीला वडील सोबत आले. त्यांचं स्वतःचं लायसन संपून काही महिने झाले होते. त्याच्या नूतनीकरणाचे कागद त्यांनी पिशवीत आणले होते, डॉक्टरचं प्रमाणपत्रसुद्धा. मला काही बोलले नव्हते. मी मैदानावर आठचा आकडा काढून परत आले, तेव्हा खिडकीतला माणूस त्यांना विचारत होता, गाडी कोणती चालवता.

"कोणतीच न्हाई," वडील म्हणाले.

मग नूतनीकरण कशासाठी, असं त्याने विचारलं. वडिलांनी कागद खिडकीतून पुढं सरकवले. त्याने मान हलवली आणि त्यांना फोटोसाठी बसवलं. येताना बसमध्ये मी विचारलं, तर म्हणाले, "नियमात ऱ्हावं वाटलं."

त्या हिवाळ्यात एका सकाळी मी स्कूटीवरून निघाले होते. गावाबाहेर ती म्हातारी डबा घेऊन चाललेली दिसली. मी पुढं जाऊन थांबले. मावशी, बसा, पुढच्या गावच्या गिरणीपर्यंत सोडते, असं म्हटलं. तिने डबा खाली ठेवला.

"लायसन हाय का तुज्याजवळ?"

मी पर्समधून काढून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने कार्डावरचा फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड परत दिलं.

"तुजा भाऊ काय करायलाय आता?"

घरीच असतो, गिरणी बघतो, असं मी सांगितलं.

"ह्यांचं डोस्कं त्याच्या मांडीवर व्हतं. मला ऑटूत जागाच केली न्हाई कुणी. शेवटी काय बोलले का ते, एवढं इचार त्याला."

ती स्कूटीवर बसली नाही. डबा डोक्यावर द्यायला मात्र तिने मला हात लावू दिला.

संध्याकाळी मी भावाला विचारलं. इतक्या वर्षांत घरात कुणी त्याच्याशी त्या ऑटोबद्दल बोललं नव्हतं. तो म्हणाला, "काईच न्हाई बोलले. मीच म्हनत व्हतो, बाबा, आलाच दवाखाना."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच चालत वस्तीवर गेला. परत आला तेव्हा जेवला नाही. तिथं काय झालं, ते त्याने आईलाही सांगितलं नाही. म्हातारीचं दळण अजून पुढच्या गावालाच जातं.

भाऊ आता बावीस वर्षांचा आहे. मध्ये परभणीत माल पोचवायच्या कामावर त्याला घेणार होते, पण त्यांनी लायसन मागितलं. वडील त्याला म्हणाले, थोडीच वर्षं राहिलीत, मग काढू. तो म्हणाला, "मला न्हाई काढायचं, आबा." आई म्हणते, वय झालं की मन बदलेल. मला तसं वाटत नाही. रस्त्याने चालताना मागून मोटारसायकलचा आवाज आला की तो कडेला उतरतो आणि ती निघून जाईपर्यंत शेताकडे तोंड करून उभा राहतो.