नलूआत्याची पुरुषांची बॅच

नलूआत्या माणसाला पहिल्यांदा भेटली की चेहऱ्याआधी त्याचे खांदे बघायची. माझ्या लग्नात नव्या सुनेची ओटी भरताना तिने तिचेही खांदे बघून घेतले आणि माझ्या आईला म्हणाली, "ही पोहेल. तुझ्या लेकाचं कठीण आहे."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मालाडच्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची आणि संध्याकाळी अंधेरीच्या एका क्लबच्या तलावावर बायकांची बॅच घ्यायची. तिला सकाळची पुरुषांची बॅचही हवी होती. क्लबचे सेक्रेटरी दर वर्षी हसून विचारायचे, "बाई, पुरुष ऐकणार आहेत का तुमचं?" ऐंशीच्या दशकात हे तोंडावर म्हणायला कुणाला संकोच वाटत नसे. शेवटी एकदा ते म्हणाले, एखादा पुरुष तयार करून दाखवा, मग बघू. आत्याच्या हाताशी पुरुष एकच होता. मी.

क्लबची दर हिवाळ्यात तिहेरी शर्यत असे. आधी तलावात पोहायचं, मग सायकलवरून आरे कॉलनीत चक्कर, शेवटी धावणं. सायकल आणि धावणं मला जमायचं, त्यामुळे छाती जरा पुढेच असायची. पण मागच्या वर्षी क्लबच्या कोचकडे शिकूनही अर्ध्या तलावात माझी वाट लागली आणि लाइफगार्डने पुढे केलेला बांबू धरून मी बाहेर आलो. सासरची मंडळी टाळ्या वाजवायला आली होती. त्यांनी वाजवल्याही.

आत्याने मला एकदा पोहायला लावलं आणि कपाळाला हात लावून काठावर बसली. "मेल्या, तू पाण्यात सायकल चालवतोयस."

खरंच होतं. गुडघे पोटाशी घेऊन मी नुसत्या लाथा झाडायचो आणि मांड्या दणकट म्हणून जास्तच दमायचो. तिने सायकलची जुनी ट्यूब कापून माझे घोटे बांधले. पाय सायकलसाठी ठेव, म्हणाली, इथे हात चालव. बुडेन या भीतीने मी मान वर काढली, तर मागची बाजू खरोखरच बुडायला लागली. "डोकं वर की ढुंगण खाली" हे आत्याचं ब्रह्मवाक्य शाळेच्या पालकसभेतही ऐकू यायचं. श्वासाची तऱ्हा आणखी वेगळी. घेतलेला श्वास मी जपून ठेवायचो आणि तोंड बाहेर आलं की सोडणं-घेणं एकदमच उरकायला बघायचो. "अरे, पाण्यातच बुडबुडे सोड ना," ती म्हणायची. "साठवून काय लोणचं घालायचंय?"

शर्यतीच्या दिवशी काठावर सासरे दिसले आणि मी सगळं विसरून सुसाट सुटलो. परतीच्या फेरीत छाती फुटायला आली. सेक्रेटरींनी खूण केली, बांबू पुढे आला. माझा हात तिकडे गेलाच होता, तेवढ्यात बांबू वर उचलला गेला. आत्याने तो लाइफगार्डच्या हातातून काढून घेतला होता. हा बुडायला लागला तर मीच उडी मारते, असं त्याला सांगून, पदर खोचून ती काठाकाठाने माझ्याबरोबर चालत होती.

"सावकाश," ती म्हणाली. "बुडबुडे."

मी तोंड पाण्यात घातलं आणि श्वास सोडला. पुढचं सगळं फार हळू झालं. काठाला हात लागला तेव्हा बाकीच्यांच्या सायकली केव्हाच गेल्या होत्या.

"बाई, तुमचा भाचा शेवटचा आला की," सेक्रेटरी म्हणाले.

"शेवटचा आला, पण पोहत आला. गेल्या वर्षी तुमच्या कोचने शिकवला होता, तेव्हा काय धरून आला ते आठवा."

उन्हाळ्यात तिला बॅच मिळाली. पहिल्या सकाळी मी ऐटीत हजर झालो. आत्याने मला पाण्यात उतरवलं आणि नव्या मंडळींना सांगितलं, नीट बघा, हा करतो ते करायचं नाही. पुढे ती निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या बॅचपुढे मी मान वर काढून लाथा झाडत राहिलो. तोवर मला बरं पोहता यायला लागलं होतं, त्यामुळे चुकायला मुद्दाम मेहनत घ्यावी लागे.

आत्या गेली तेव्हा स्मशानात पिकल्या मिशांचे एक अनोळखी गृहस्थ माझ्याजवळ आले. बराच वेळ बघून म्हणाले, "तुम्हीच ना ते, चुकीचं करून दाखवणारे?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.