दोन झोपा, एक इन्व्हर्टर

आमच्या समोरच्या फ्लॅटात शरच्चंद्रभाऊ राहतात. मूळचे नारायण पेठेतले. धायरीत येऊन वर्षं झाली, तरी बाहेर पडताना अजून ‘पुण्यात जाऊन येतो’ म्हणतात. आम्ही इथलेच. आम्ही कुठं गेलो नाही, पुणंच आमच्या अंगावर चालून आलं.

भाऊ टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, मी चौथीतून. तरी आमचं जमतं, कारण दोघंही समोरच्याचं ऐकत नाही.

त्यांचा मुलगा आमोद मेलबर्नला. त्याची पोर वल्लरी, तिला आजोबांची गोष्ट ऐकल्याशिवाय रात्री झोप येत नाही. पण तिची रात्र होते तेव्हा इथे दुपारचे तीन वाजलेले असतात, आणि त्या वेळी भाऊ देवाचासुद्धा फोन घेत नाहीत. म्हणून रोज सकाळी गोष्ट रेकॉर्ड करून ठेवायची. त्यांच्या गोष्टीतला वाघसुद्धा जेवणानंतर कुणाला भेटत नाही.

या गोष्टी कुठल्याशा कंपनीकडे साठवलेल्या होत्या. जागा भरली तशी कंपनी भाडं मागायला लागली.

“आवाज माझा, नात माझी, आणि भाडं यांना?” भाऊ म्हणाले. “घरीच सर्व्हर बसवतो.”

“ते काय असतं?”

“चोवीस तास जागा राहणारा कॉम्प्युटर, विमलाबाई. कुणी काही मागितलं की निमूट वाढायचं.”

“म्हणजे सून.”

“तुमची की माझी?” म्हणाले. त्यावर मी चहा टाकला.

आत घालायला त्यांनी लिनक्स निवडलं. ते फुकट असतं आणि त्याला मालक नसतो, म्हणे. पण त्याचेही शंभर प्रकार. आठवडाभर मुली बघितल्यासारखे बघितले. हे फार रंगीत, हे दर महिन्याला बदलतं, याला नखरेच फार. शेवटी डेबियन नावाचं पसंत पडलं. “जुनं आहे, सावकाश आहे, उगाच नवीन काही शिकत नाही,” भाऊ म्हणाले. मंदावहिनी आतून ओरडल्या, “पत्रिका जुळली म्हणा की!”

यंत्र मात्र त्यांनी हावरेपणानं घेतलं. कुठल्या तरी ऑफिसनं टाकून दिलेलं, कपाटाएवढं. चालू केलं की मला माझ्या स्वयंपाकघरात गिरणी ऐकू यायची. मे महिना, गुरुवार, दुरुस्तीसाठी दुपारभर लाइट बंद. घरच्या इन्व्हर्टरवर वहिनींचा पंखा आणि इंटरनेटचा डबा एवढंच चालायचं. भाऊंनी गुपचूप गिरणीही त्यालाच जोडली. इन्व्हर्टर एकदाच किंचाळला आणि गप्प झाला. इकडे पंखा बंद, तिकडे गोष्ट बंद. मेलबर्नला नात रडायला लागली आणि धायरीत आजी उठून बसली.

“अहो, नातीला झोपवायला बायकोला उठवलंत?”

“ती लहान आहे गं.”

“मग मी काय मोठी झाले म्हणून घाम गाळू?”

वहिनींनी तिथंच सांगून टाकलं. आवाज नको, हॉलमध्ये दिसायला नको, आणि लाइट गेल्यावर माझ्या इन्व्हर्टरची वायर नको. जमत नसेल तर भंगारवाला शनिवारी येतो.

भाऊ दोन दिवस आमच्याकडे येऊन सुस्कारे टाकत होते. माझा नातू तेजस लॅपटॉपवर बसला होता. म्हणजे खरंच बसला होता, बूड टेकवून. पडदा फुटल्यापासून तो लॅपटॉप माळ्यावर पडून होता, त्यानं बसायला खाली काढलेला. भाऊंनी तो बघितला आणि असे हसले की मला वाटलं उन्हाचा झटका आला. आवाज नाही. बॅटरी पोटातच, लाइट गेली तरी चार तास चालेल. आणि सर्व्हरला पडदा लागतोच कशाला? त्याच्याकडे कोण बघत बसणार? गिरणी शनिवारी भंगारात गेली. लॅपटॉप वहिनींच्या कपड्यांच्या कपाटाशेजारी स्टुलावर बसला.

पुढच्या गुरुवारी लाइट गेली. पंखा फिरत होता, सर्व्हरही चालू होता. भाऊ निवांत आडवे झाले. निजायच्या आधी वहिनींनी उघडं झाकण बघितलं, आत धूळ जाईल म्हणून मिटलं आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? इकडे पंखा चालू, तिकडे गोष्ट बंद.

तीन वाजता मी जिन्यातल्या उन्हात टाकलेलं वाळवण बघायला आले, तर भाऊ बनियनवर माझ्या दाराशी पायरीवर बसलेले. फोन तोंडाशी धरून कुजबुजत होते, “…मग वाघ म्हणाला, हळू बोल, आजी झोपलीय.”

पेठेतला माणूस दुपारी तीन वाजता जागा! मी वाळवण तसंच सोडून आत गेले. दार लावताना कडीसुद्धा वाजवली नाही.

संध्याकाळी त्यांनी सेटिंग बदललं. आता झाकण मिटलं तरी यंत्र जागं राहतं, रुमालासकट. वहिनींचा पंखा फिरतो. सगळं अगदी जागच्या जागी. फक्त वल्लरीनं सांगून ठेवलंय, गुरुवारी जिन्यातलीच गोष्ट हवी. मी आता पायरीवर गोणपाट टाकून ठेवते. फरशी फार तापते हो.