रॅक नसलेलं गोदाम

आज सकाळी इथे आखातात, गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलीच्या पुस्तकांच्या खोक्याला टेप लावत होतो. ती कॉलेजसाठी पुण्याला निघाली आहे. पुठ्ठ्याचा कोरडा वास नाकात गेला आणि सलमाबादच्या गोदामातला माझा पहिला दिवस आठवला.

चिपळूणला मी स्टोअरकीपर होतो. माल नीट रचून ठेवायचा, एवढंच मला येत होतं. इथे तर रॅकच नव्हते! एका दाराने कंटेनरमधला माल उतरायचा आणि समोरच्या दाराने लगेच छोट्या ट्रकांत चढायचा. मी पार गोंधळलो. हमद टाउनच्या दुकानाची दूध पावडरची खोकी मी कोपऱ्यात रचली, लेबलं बाहेर करून. ट्रक त्यांच्याशिवायच निघून गेला.

सुपरवायझर इब्राहिमभाई रागावले नाहीत. म्हणाले, “भाई, यहाँ कुछ रखना नहीं है. आया, गया, खलास.”

हे कसलं गोदाम, असं तेव्हा वाटलं. पुढे वीस वर्षं तेच केलं.

मघाशी टॅक्सी आली. “बाबा, व्हेअर इज माय बॉक्स?” म्हणत मुलगी घरभर शोधत होती. खोका कपाटात सापडला, अगदी मागे, लेबल बाहेर केलेला. तिथे तो मी कधी ठेवला, खरंच आठवत नाही.