वहिनीचा परवाना

कार्तिकातल्या एका सोमवारी, उजाडता उजाडता, मी आणि माझी वहिनी गावच्या फाट्यावर साताऱ्याच्या मोटारीची वाट पाहत उभे होतो. आण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. माझ्या कोटाच्या खिशात पोलिस पाटलाने आणून दिलेली नोटीस होती. वहिनी परदेशी असून तिने आपली नोंद करून राहण्याचा परवाना घ्यावा, न घेतल्यास महिन्याच्या आत देश सोडावा, असा तिचा मजकूर. त्यातले बावीस दिवस संपले होते.

वहिनी ब्रह्मदेशातली. आण्णा रंगूनला एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. लग्न तिकडेच झाले. लढाईत रंगूनवर बाँब पडू लागले तेव्हा दोघे डोंगर आणि जंगल तुडवत पायी निघून आली. घरी पोचली तेव्हा आण्णांच्या पायाला चिंध्या बांधलेल्या होत्या. वाटेत काय झाले ते दोघांनीही सांगितले नाही, आणि आमच्या घरात विचारायची रीत नव्हती. आईने तिला चार दिवस झोपू दिले. पाचव्या दिवशी पाटावर बसवून ताटात तांदूळ पसरले, आण्णांच्या हातात अंगठी दिली आणि त्या तांदळात 'सुमती' असे नाव लिहायला लावले. तेव्हापासून ती सुमती. सात वर्षांत ती भांगलण (पिकातले तण काढणे) शिकली, भाकरी थापायला शिकली, आणि शेतातल्या बायकांकडून मराठी शिकली. मी शाळामास्तर असून माझ्याकडून ती एक शब्दही शिकली नाही. लढाईनंतर ब्रह्मदेश वेगळा, स्वतंत्र झाला, तशी आमच्या घरातली सून परदेशी झाली. हे आम्हाला नोटिशीने कळले.

मोटारीत कराडच्या पुढे आमच्या शेजारी पलटणीतून निवृत्त झालेला एक नाईक येऊन बसला. पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला चालला होता. वहिनीकडे दोनदा पाहून त्याने मला विचारले, "मास्तर, ह्या पावण्या कंच्या गावच्या?"

"माझी वहिनी आहे."

"ते वळखलं. माहेर इचारतोय."

"रंगून," वहिनीच म्हणाली.

"आगं आयला!" नाइकाने मांडीवर थाप मारली. "तीन वर्सं काडली की मी बर्मात! नेकाँ ला? (बरे आहे ना?)"

वहिनी एकदम ताठ बसली. मग भराभर काहीतरी बोलली, लांबलचक. आण्णा गेल्यापासून तिला इतके बोलताना मी पाहिले नव्हते.

नाइकाने दोन्ही हात जोडले. "आवं बाई, थांबा. एवढं न्हाई येत. कसं हाय, पानी, भात, आन् म्यान म्यान. बास. एवढ्यावर आख्खी लढाई काडली."

"म्यान म्यान म्हणजे?" मी विचारले.

"बिगी बिगी. म्होरनं सायेब वरडायचा म्यान म्यान, आमी मागल्यास्नी वरडायचो म्यान म्यान, आन् समद्यांच्या मागनं जपानी वरडायचा."

उंब्रजला मोटारीचे इंजिन तापले. क्लीनर डबा घेऊन तारळीचे पाणी आणायला नदीत उतरला, तो काही लवकर येईना. नाईक रस्त्याच्या कडेला उभा राहून ओरडला, "म्यान म्यान रं गड्या! आमची पेन्शन मराय लागली हितं!" वहिनी पदर तोंडावर धरून हसली. तिचे हसणे पाहून मला हायसे वाटले आणि लगेच आण्णांची आठवण झाली. मी दुसरीकडे तोंड फिरवले.

साताऱ्यात आम्ही पोवई नाक्यावर उतरलो. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर अजून धुके होते. कचेरी कुठे आहे हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. एका पानवाल्याला विचारले, "परदेशी लोकांची नोंद करतात ती कचेरी कुठली?"

"परदेशी?" तो चुना लावता लावता म्हणाला. "ते गेलं की बोटीत बसून! पेपर वाचत न्हाईसा व्हय?"

पुढे एकाने कलेक्टर कचेरीत पाठवले, तिथून दुसऱ्याने फौजदारी कचेरीत, आणि तिथून एका शिपायाने मागच्या बाजूच्या कौलारू खोलीकडे बोट दाखवले. खोलीत एक वयस्क हवालदार तांबड्या फडक्यात कागदांचे गठ्ठे बांधत होता. वहिनी पायरीवर बसली. मी आत गेलो.

"तालुका?"

"वाळवे."

"मग हितं कशाला आलासा? तुमचा तालुका गेला की दक्षिण साताऱ्यात. जिल्हा फुटला न्हवं का? आता तुमची कचेरी सांगली."

"नोटीस तर इथूनच आली आहे."

"नोटीस निघाली तवा दप्तर हितंच व्हतं." पण माणूस वाईट नव्हता. त्याने बांधलेला एक गठ्ठा सोडला आणि आमचा कागद काढला. "ह्यो बगा. ह्योबी आज सांगलीलाच चाललाय." मग त्याने तो डोळ्यांजवळ धरून वाचला. "अक्षर झ्याक हाय. कुणाचं?"

ते माझे होते. आण्णांच्या जमिनीला वारस लावण्यासाठी मीच अर्ज लिहिला होता. मयताची पत्नी सुमती, आणि त्यापुढे माझ्याच हाताने: मूळ राहणार ब्रह्मदेश.

"मास्तर, ह्ये कशाला लिवलं? इचारलं व्हतं का कुणी?"

"खरे ते लिहिले."

"खरं लिवलंसा," हवालदार पुन्हा गाठ मारत म्हणाला. "आता फिरा."

रात्र धर्मशाळेत काढून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परतीची मोटार धरली. कराडला संगमावरून गार वारा येत होता. मी चहा घेतला, वहिनीला नको होता. मोटार सुटल्यावर तिने विचारले, "त्यो कागुद तुमी लिवल्याला व्हय, भावजी?"

"हो."

तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

मोटार आमच्याच फाट्यावर थांबली. सांगलीचा रस्ता तिथूनच पुढे जातो. शेजारची तानाकाकू पाटी घेऊन उभी होती. तिने खिडकीशी येऊन विचारले, "झालं का गं काम?"

"न्हाई. आता सांगलीला."

"लय हिंडवत्यात गं पोरीला," काकू माझ्याकडे पाहत म्हणाली, जणू हिंडवणारा मीच होतो. ती चुकत नव्हती.

इस्लामपूर, आष्टा मागे टाकून दुपार कलताना आम्ही कृष्णेच्या पुलावर आलो. पुलावर गुळाच्या गाड्यांची रांग होती आणि सगळ्या वाऱ्याला काकवीचा वास होता. खाली नदी संथ आणि हिरवी. सांगली मी लहानपणापासून पाहिलेली. पण तेव्हा ती संस्थानात होती आणि तिथे आमचे कसलेच सरकारी काम नसे. कचेरी त्या दिवशी बंद झालेली होती. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचे मेहुणे तिथे अडतीचा धंदा करतात, जैन गृहस्थ. त्यांच्याकडे उतरलो. त्यांच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, त्यामुळे पाय धुतो न धुतो तोच पाने मांडली. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दही. घरची बाई वहिनीला आग्रह करत होती. मध्येच तिने विचारले, "तुमच्या मुलखात दादला गेल्यावर बायका काय करत्यात वं?"

"रडत्यात," वहिनी म्हणाली.

"मग आमच्यासारखंच की," ती बाई म्हणाली आणि तिच्या पानात आणखी दही वाढले.

सकाळी कचेरीत गेलो. दारावरची संस्थानची पाटी चुन्याने पुसली होती आणि नवी अजून लिहिली नव्हती. आत टोपी घातलेले एक वृद्ध कारकून बसले होते. माझे ऐकून घेऊन म्हणाले, "मास्तर, मी तीस वर्षे संस्थानात काढली. आमच्याकडे परदेशी म्हणजे मिरजेचा माणूस. ब्रह्मदेशाचे हे पहिलेच प्रकरण. बसा. बाईंनाही बसू द्या."

त्यांनी छापील फॉर्म पुढे ओढून दौतीत टाक बुडवला.

"नाव?"

"सुमती."

"हे तुमच्या घरातले. त्याआधीचे?"

आमच्याकडे सून घरात आली की तिचे आधीचे नाव मागे राहते. पुन्हा ते कुणी काढत नाही, आणि काढले तर सासरी रागावतात. आण्णा तर तिला 'अगं' एवढेच म्हणत. सात वर्षे मी तिच्या हातचे खात होतो आणि मला तिचे नाव ठाऊक नव्हते.

कारकुनांनी टाक खाली ठेवला. "अडचण अशी आहे. रंगूनहून आलेल्यांच्या याद्या आहेत. त्यांत सुमती सापडायची नाही. म्हणजे कागदाप्रमाणे बाया दोन झाल्या. एक जी आली आणि हरवली, आणि एक जी तुमच्या घरात आहे पण कुठून आली ते माहीत नाही." त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "साहेब अजून यायचे आहेत. तुम्ही मला एक ओळ लिहून द्या. वारसाच्या अर्जात नजरचुकीने ब्रह्मदेश लिहिले गेले, बाई मूळच्या कोकणातल्या, रत्नागिरीकडच्या. मी कागद बंद करतो. पुन्हा कुणी तुमच्या दारात येणार नाही."

"असे चालेल?"

"तुम्ही मास्तर आहात. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार?"

मी टाक हातात घेतला. ज्या हाताने खरे लिहून हे ओढवून घेतले, त्याच हाताने खोटे लिहून ते मिटणार असेल तर माझी ना नव्हती. मी 'लिहून देतो की' एवढे लिहिले.

"भावजी, काय लिवताय?"

"तुम्ही कोकणातल्या आहात असे लिहितो, वहिनी. म्हणजे तुम्हाला कायमचे राहता येईल. परवाना लागणारच नाही."

"मग ह्यांनी मला कुठनं आणलं?"

"कोकणातून. नुसते कागदावर."

ती उठून माझ्याजवळ आली. मग म्हणाली, "मग वाटंत ठिवली ती पोर कुणाची?"

मला आधी समजलेच नाही. कारकुनांना माझ्या आधी समजले.

"मुलगी होती, बाई?" त्यांनी विचारले.

"व्हय. दीड वर्साची." मग ती माझ्याकडे न पाहता त्यांना म्हणाली, "माझं नाव मा खिन न्वे. पोरीचं न्वे न्वे. लिवा."

"बाई, हे लिहिले की पुढचे माझ्या हातात राहणार नाही."

"लिवा तुमी."

त्यांनी लिहिले. नाव, वडिलांचे नाव, गाव. अपत्ये: एक मुलगी, मयत. ठिकाण विचारल्यावर तिने नुसती मान हलवली. लग्नाचा दाखला रंगूनमध्ये जळालेला होता. सहीच्या जागी तिने तिच्या लिपीतली गोल गोल अक्षरे सावकाश काढली. साहेब अकरा वाजता आले. त्यांनी एकदाच मान वर करून पाहिले आणि शेरा मारला: लग्नाचा पुरावा नाही, तीन महिने राहण्याची परवानगी, दर आठवड्याला पोलिस ठाण्यावर हजेरी, मुदत वाढवणे मुंबईच्या हुकुमावर.

बाहेर येताना मी कारकुनांना विचारले, "मुंबईहून हुकूम येतो का?"

"मास्तर, तुमच्याशी खोटे कशाला बोलू?" ते म्हणाले. "हजेरी मात्र चुकवू नका."

मोटारीला वेळ होता. आम्ही घाटावर गेलो. अडत्यांच्या घरून दिलेल्या दशम्या सोडल्या, पण कुणालाच भूक नव्हती. पलीकडे कुणी बैल धूत होते. मी विचारले, "आम्हाला कधी सांगितले का नाही?"

"ह्यांनी नगं म्हटलं. आईस्नी नात बगायची लय हौस व्हती म्हनं." ती पाण्याकडे पाहत होती. "एक वढा व्हता. हत्यार न्हवतं कायबी. ह्यांनी जेवायच्या ताटलीनं खणलं. निम्मं मी खणलं."

मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. त्या घाटावर त्यांतले काही उपयोगी पडले नाही. मला एवढेच कळले की मी माझ्या भावाचे सुतक धरले, तेराव्याला पंगत घातली, आणि त्याच्या दुःखाला मी कधी शिवलोसुद्धा नव्हतो.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन अजून होते. तीन दिवसांत आम्ही साऱ्या जुन्या जिल्ह्याला वळसा घालून आलो होतो, आणि हाती आला तो एक घडी घातलेला कागद. घरी आईला काय सांगायचे याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. न्वे न्वेचे सांगायचे की नाही, हेही ठरत नव्हते. वहिनी घराकडे न वळता शेताच्या पायवाटेला लागली. मीही मागे गेलो. आण्णांनी अक्षय्य तृतीयेला लावलेली हळद कमरेच्या वर आली होती.

"तीन म्हैनं म्हंजे कवापतुर?" तिने विचारले.

"माघ संपेपर्यंत."

तिने एक पान हातात घेऊन उलटे करून पाहिले. "माघात निगंल ही. शिजवून वाळवून हुईल." थोडे पुढे जाऊन ती थांबली. "आन् बेणं (पुढच्या लागणीसाठी राखायचे गड्डे)? ते वैशाखापतुर सावलीत झाकून ठिवाय लागतं. आठ दिसांनी हलवाय लागतं, न्हाईतर कुजतं. ते कोण बगंल?"

"मी बघेन, वहिनी."

"तुमाला न्हाई जमायचं, भावजी," ती म्हणाली, आणि पदर खोचून सरीत उतरली.