दारं समोरासमोर

दसरा झाला की थोरली बहीण नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते. गेल्या हंगामात मजुरांच्या तळावर दोन माणसं तिच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, घुसली. कोयता उशाशी होता म्हणून अक्का वाचली. यंदाही तोच मुकादम आणि तोच तळ.

आणि मी? मी घाटनांदूरला लॅपटॉप घेऊन बसलेली. गुन्हे कशाने थांबतात यावर जगभर झालेले अभ्यास धुंडाळायचे, गाळायचे, उरतील त्यांचं सार काढायचं, असं एका संस्थेचं काम. विषय हंगामी मजूर बायांवरचे अत्याचार. त्या सारावरून सरकार तळांचे नियम ठरवणार होतं, म्हणून मी जीव तोडून शोधत होते.

इंग्रजी शब्द टाकले की परदेशातल्या मळ्यांचे ढीगभर अभ्यास यायचे. आमच्याकडं दर साल गावंच्या गावं ओस पडतात, त्याचा कुणाला पत्ताच नाही! माझं डोकंच फिरायचं.

नियतकालिकं पान न् पान उलटून हातानं शोधायची सोयही होती. पण कोणती, तर आधी यादीत लिहिलेलीच. सगळी परदेशी. म्हटलं, खड्ड्यात गेली यादी. एसटीनं अंबाजोगाईला गेले. तिथल्या एका कॉलेजच्या कपाटात कुण्या मुलीचा मराठी प्रबंध सापडला. तिनं दोन तऱ्हेचे तळ ताडून पाहिले होते. कोप्या एका रांगेत असल्या की कुणाच्या दारात कोण शिरलं ते शेजारणीला दिसत नाही. कोप्या गोलात, दारं समोरासमोर, तिथं बायांना त्रास लई कमी. अक्काचा तळ रांगेचा. मला तिथंच रडू आलं.

अभ्यास दोघींनी वेगवेगळा वाचून निवडायचा, अशी रीत. माझ्या जोडीच्या दुसरीला मराठी येत नव्हतं. मी अख्खा प्रबंध इंग्रजीत करून दिला. ती हो म्हणाली. संस्थेतल्या सरांनी मात्र उडवला. यादीबाहेरचा आहे, छापलेला नाही, शोधाची रीत मध्येच बदलता येत नाही. मनाला येईल ते कुणी घुसडू नये म्हणून हा नियम, हे मलाही कळतं. पण यादी करताना बीडच्या एका तरी माणसाला विचारलं होतं का? हे मी सरांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, भावनेच्या भरात बोलू नका.

अहवाल आला तेव्हा अक्का पोत्यात भांडी भरत होती. काय निघालं म्हणाली, तर वाचून दाखवलं. कोप्यांच्या मांडणीमुळं अत्याचार कमी होतात, याचा पुरावा आढळला नाही.

तिनं तवा पोत्यात घातला. "मंजी आमी खोटं बोलतो, असं लिवलंय का?"

तसं नाही गं, सापडला नाही म्हणजे नसतोच असं नव्हे, असं काहीबाही मी बोलत राहिले. ती पोत्याचं तोंड बांधत राहिली.

बाहेर मुकादम ट्रॅक्टरपाशी उभा होता. त्याला जाऊन म्हटलं, यंदा कोप्या गोलात घाला, दारं समोरासमोर येऊ द्या. माणूस वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं.

"तसा सरकारचा काई कागद हाय का, ताई?"

अहवालाचा कागद माझ्या हातातच होता. मी तो पिशवीत कोंबला.