काकांचा ओला कोट

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. आमचं घर बौद्ध. भूत, करणी, अंगात येणं असलं काही कोणी बोललं की वडील भरल्या ताटावरून उठायचे. या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर निव्वळ टाइमपास म्हणून वाचले, निम्म्यांवर तर हसलोय... त्यामुळे तुम्ही हसलात तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी आकुर्डीत राहतो, कीबोर्ड वाजवतो. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, जयंतीचे कार्यक्रम. काम नसेल तेव्हा सिरियलमध्ये ज्युनियर आर्टिस्ट — म्हणजे हिरोच्या मागे उभी असते ना ती गर्दी, त्यातला एक. ही लाइन मला यशवंतकाकांनी दाखवली. आमच्याच चाळीतले, कंपनीच्या प्रेस शॉपमधून रिटायर झालेले. क्लॅरोनेट असं वाजवायचे की वरातीत नाचणारी पोरं नाचायची थांबून ऐकत उभी राहायची.

पण लाइन घाण आहे राव. ज्युनियरचा ड्रेस माणसाचा नसतो, जागेचा असतो. कोणी मध्येच निघून गेला, आजारी पडला, तर त्याच्या अंगावरचा कोट दुसऱ्याला चढवायचा आणि त्याच जागी पाठमोरा उभा करायचा. कंटिन्युइटी म्हणतात याला. धुण्याचं नाव नाही. काखेत घामाचे पांढरे डाग घेऊन एकेक कोट किती अंगांवरून फिरतो कोणास ठाऊक.

त्यात आम्हा वाजवणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. पडद्यावर बँड वाजताना दिसतो, पण शूटिंगला आवाज काढायचा नाही, कारण पुढे मोठे नट बोलत असतात. आम्ही नुसते गाल फुगवायचे. म्युझिक नंतर स्टुडिओत दुसराच कोणीतरी घालतो. काका इतकी वर्षं टीव्हीवर दिसले, पण त्यांचं वाजवणं एकदाही कोणाच्या कानावर पडलं नाही. त्यांच्या बायकोचा, शांताकाकूंचा, एवढाच हट्ट होता की एकदा तरी टीव्हीवर तोंडही यांचं दिसावं आणि आवाजही यांचाच यावा.

चाकणच्या पुढे एका मंगल कार्यालयात सिरियलमधल्या लग्नाचं शूटिंग होतं. असिस्टंट डायरेक्टरनं काकांना शब्द दिला की पॅकअपच्या आधी तुमची पाठवणीची धून रेकॉर्ड करून घेतो, तीच वापरतो. त्या एका शब्दापायी अंगात कणकण असताना काका आले. मी घरी थांबा म्हणालो, ऐकलं नाही.

सकाळी त्यांचे शॉट झाले, क्लोजअपसुद्धा. साउंडवाल्यानं चुकूनही आवाज नको म्हणून क्लॅरोनेटची रीड काढायला लावली होती. रीड म्हणजे तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी, ती थरथरली तरच सूर निघतो. ती काढली की क्लॅरोनेट म्हणजे नुसती पोकळ नळी. काकांनी रीड रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या आत, आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली.

जेवणात आंबलेली डाळ होती. त्यानंतर थोड्या वेळानं काका स्टेजमागे खुर्चीवरून घसरले. डोळे फिरलेले, अंग घामानं थबथबलेलं. आम्हाला कामाला आणणारा को-ऑर्डिनेटर धावत आला, आणि त्यानं सगळ्यात आधी काय करावं? त्यांचा कोट काढला. फाटू नये म्हणून एकेक बटण सावकाश सोडवत होता. मग काकांना गाडीत घातलं. मी बसायला गेलो तर ड्रायव्हरनं दार लावून घेतलं. पुढे शॉट लागायच्या वेळेला तोच को-ऑर्डिनेटर मोबाइल कानाला लावून आला नि म्हणाला, शुद्धीवर आलेत, सलाईन लावलंय, तू हा कोट घालून त्यांच्या जागी उभा राहा म्हणजे सगळेच लवकर सुटू.

कोट ओला होता, आणि गार. कॉलर मानेला चिकटली. क्लॅरोनेटचं तोंड अजून काकांच्या थुंकीनं बुळबुळीत होतं. शर्टाला पुसायला गेलो तर असिस्टंट खेकसला, उजेड चाललाय. तसंच तोंडात घातलं मी ते. शी...

मला क्लॅरोनेट वाजवता येत नाही, हे ध्यानात घ्या. ॲक्शन म्हटल्यावर मी गाल फुगवले आणि तोंडात तंबाखूची चव उतरली. मी जन्मात तंबाखू खाल्लेला नाही, काका खायचे. कोमट लाळ सुटत राहिली, हनुवटीवरून गळायला लागली. बोटं आपली आपण हलायला लागली आणि क्लॅरोनेट वाजलं. चांगलं मोठ्यानं, स्वच्छ. काकांची पाठवणीची धून. नवरीच्या बापाचं काम करणारा नट वाक्य विसरून माझ्याकडे बघत राहिला. मला थांबायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. धून पूर्ण झाली तेव्हाच सुटलं. मी भिंतीकडे जाऊन भडाभडा ओकलो.

साउंडवाल्यानं क्लॅरोनेट उलटंपालटं करून बघितलं. रीड नव्हती. त्यानं ते खुर्चीवर ठेवलं आणि हात पुसले. डायरेक्टर मात्र खूश, म्हणाला मस्त आलंय, राहू दे.

हॉस्पिटलला पोचलो तेव्हा कळलं, काका रस्त्यातच गेले होते. सलाईन वगैरे सगळी थाप. मी कोट चढवला तेव्हा को-ऑर्डिनेटरला हे ठाऊक होतं, पण शूटिंग बंद पडायला नको होतं. थुत् त्याच्या जिंदगीवर. काकांच्या खिशात रुमाल होता, त्यात रीड.

एपिसोड लागला त्या दिवशी काकूंच्या खोलीत सगळी चाळ जमली. मी धास्तावलेला, कारण आता माझी पाठ दिसणार. पण एडिटिंगमध्ये त्यांनी त्या धूनवर काकांचा सकाळचा क्लोजअप टाकला होता. आवाजाशिवाय घेतलेला शॉट आणि नंतर घातलेला आवाज कधीच तंतोतंत जुळत नाही, हे मी कितीदा बघितलंय. इथं प्रत्येक बोट जुळत होतं, श्वाससुद्धा. काकू टीव्हीच्या अगदी जवळ सरकल्या.

"हेच वाजवायलेत," त्या म्हणाल्या, आणि मग पदर तोंडात धरून रडल्या.

हे कसं झालं, मला माहीत नाही. ओळखीच्या बँडवाल्यांना विचारलं. रीडशिवाय वाजणार नाही म्हणतात. मीही तेच म्हणतो. पण ते वाजलं, आणि ते लाखो लोकांनी ऐकलं.

गेल्या आठवड्यात को-ऑर्डिनेटरचा फोन आला. सिरियलमध्ये अजून एक लग्न आहे म्हणे. सरांना त्या दिवशीचं क्लॅरोनेट लय आवडलं, तोच माणूस पाठव.

मी म्हणालो, "भाऊ, तो माणूस तुमच्याच गाडीत मेला."

 तो म्हणाला, "बरं, मग त्यांच्या मापाचा दुसरा कोणी आहे का? कोट तोच आहे."