आवडीचे दहा फोटो

तपासणीला येताना सुधीरला पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींचे दहा फोटो घेऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. नैराश्यात माणसाचा आनंद कुठे आटतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. माणसाला यंत्रात झोपवायचं, फोटो दाखवायचे आणि मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते बघायचं.

नवऱ्याच्या आवडी मला तोंडपाठ होत्या. तळलेले बोंबील, हरिश्चंद्रगडाचा कडा, चिखलातलं फुटबॉलचं मैदान, पुढचे दात पडलेली आमची लेक मीरा. एके काळी या माणसाचा उत्साह आवरता आवरत नसे.

काचेपलीकडे यंत्र खडखडत होतं. पडद्यावर त्याचा मेंदू करड्या रंगात दिसत होता. इतक्या आत डोकावूनही आपल्या माणसापर्यंत पोचता येत नाही.

"काही उजळलं का हो?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"ताई, एकट्याच्या चित्रावरून नाही सांगता येत. पुष्कळ जणांची चित्रं ताडून बघावी लागतात."

पुष्कळ जण! म्हणजे माझ्यासारखं जुने फोटो चाळत बसलेलंही पुष्कळ घरांत कुणी ना कुणी असणार.

सुधीर बाहेर आला. मी त्याच्या मनगटाला घड्याळ बांधू लागले.

"दिसले फोटो?"

"दिसले. सगळे ओळखले."

"आणि मीराचा?"

त्याने शर्टाची बाही घड्याळावर ओढली.

"काहीच नाही वाटलं गं," तो म्हणाला. "तिला सांगू नकोस."